मॅस्टोडॉन

स्वतंत्रपणे चालविल्या जाणाऱ्या, परंतु परस्परांशी जोडलेल्या सेवासंगणकांवर आधारलेली मुक्तस्रोत समाजमाध्यम-प्रणाली. ओयगेन रोख्को यांनी ती जर्मनीत २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिची पूर्वपीठिका मात्र २००८ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी एव्हन प्रोड्रोमू यांनी आयडेंटिका ही लघुसंदेशसेवा सुरू करून तिची आज्ञावली सर्वांस खुली केली. भिन्न प्रणालींमधील संदेशांच्या देवघेवीसाठी ‘ॲक्टिव्हिटीपब’ हे प्रमाण वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जानेवारी २०१८ मध्ये मान्य केले.

खुली आज्ञावली कोणाच्या हाती जाईल, हे निर्मात्यास ठरविता येत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतील गॅब या अतिउजव्या समाजमाध्यमाने हीच आज्ञावली स्वीकारली. परवान्यान्वये तीस मज्जाव करणे शक्य नव्हते. तेव्हा अनेक सेवासंगणकांच्या चालकांनी गॅबशी संपर्कच तोडला. या रचनेतील खरे शासन म्हणजे हा बहिष्कार होय. परवाना अगदीच दुबळा होता, असे मात्र नव्हे : २०२१ मध्ये ट्रूथ सोशलने मॅस्टोडॉनची आज्ञावली वापरूनही स्रोत दडविला, तेव्हा लेखी सूचना मिळाल्यावर नोव्हेंबरमध्ये त्यास तो प्रसिद्ध करावा लागला.

त्याच सुमारास नव्हे, तर दोन वर्षे आधी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, भारतातील अनेक असंतुष्ट ट्विटर-वापरकर्ते मॅस्टोडॉनकडे वळले होते. येथे सभासदास सेवासंगणक बदलता येतो. अनुयायी सोबत नेता येतात, जुने संदेश मात्र मागेच राहतात.