माळावरचे आखीव गाव : किर्लोस्करवाडी

आपल्याकडील गावे बहुधा नदीच्या घाटाभोवती, देवळाभोवती किंवा बाजाराभोवती वाढली. आधी नकाशा आणि मग वस्ती, हा क्रम आपल्या अंगवळणी पडलेला नाही. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही कारखानदारांनी तो धरला. साबणवाल्या लिव्हरने १८८८ मध्ये पोर्ट सनलाइटचा पाया घातला. कॅडबरी बंधूंनी बर्मिंगहॅमजवळ बोर्नव्हिल उभारले. या गावांची कीर्ती लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कानी होती, आणि तसे गाव आपणही वसवावे ही त्यांची आस होती.

ती फळास आली दुसऱ्याच एका आखणीमुळे. बेळगावच्या नगरपालिकेने नव्या उपनगरासाठी त्यांच्या कारखान्याची जागा मोकळी करावयास लावली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज दिले. १९१० च्या मार्चमध्ये निवडुंगाने माजलेल्या त्या माळावर कामगार कुटुंबांसह उतरले. वसाहतीची व्यवस्था लक्ष्मणरावांचे बंधू रामूअण्णा यांनी पाहिली. लोखंडाने जमीन नासते, असे मानणाऱ्या शेतकऱ्याला येथील लोखंडी नांगराने हळूहळू आपलेसे केले. पुढे याच वाडीतून ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिके महाराष्ट्रभर गेली. जेथे नांगर घडत होता, तेथेच नवा विचारही घडत होता.

परंतु आखीव गाव अखेर कोणाचे? कारखान्याच्या वसाहतीत घर आणि नोकरी एकाच दाव्याला बांधलेली असतात. जॉर्ज कॅडबरींनी हे ओळखून १९०० मध्ये बोर्नव्हिल एका विश्वस्त संस्थेच्या स्वाधीन केले. तेथील घरे केवळ आपल्या कामगारांपुरती ठेवली नाहीत.

आपल्या वाडीची कसोटी निराळ्या प्रकारे लागली. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर ब्राह्मणांच्या घरांवर व मालमत्तेवर जाळपोळीची लाट आली आणि कारखाना आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. रस्ते, घरे, शाळा आखता येतात. शेजारच्या गावांची मने कोणत्याच नकाशात येत नाहीत.

कारखाना राखेतून पुन्हा उभा राहिला. औंध संस्थान विलीन झाले. वाडी १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यात आली आणि १९६० मध्ये त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले. स्टेशनानेही वाडीचेच नाव घेतले. आज तेथे पंप तयार होतात. तरी जुना प्रश्न उरतोच. नव्या वसाहती आखणाऱ्यांनी कुंपणाच्या आत किती झाडे लावली हे जरूर मोजावे. पण कुंपणाबाहेरचा शेतकरी त्या वसाहतीला ‘आमची’ म्हणतो की ‘त्यांची’, हेही विचारावे. गावाचे खरे मोजमाप त्या एका शब्दात आहे.