तळटीप १७ : ‘शाळेच्या गाडीतले डॉक्टर’

१७. ‘शाळेच्या गाडीतले डॉक्टर’ : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे फिरते पथक. कार्यक्रमाचा देशपातळीवरील प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. वयोमर्यादा १८ वर्षे. दातांचे विकार तपासणीच्या यादीत आहेत, पण पथक दाढ भरत नाही. टॉर्चच्या उजेडात तोंड पाहून, कीड दिसली तर सरकारी रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी देते. पुढचे उपचार मोफत.

बारावीतल्या सुधाला चिठ्ठी मिळते आणि तिच्याच वयाच्या शेजारच्या मुलाला मिळत नाही, यात वशिला नाही. सहा वर्षांपुढे ही योजना वयाबरोबर पटही पाहते : पहिली ते बारावी, तीही शासकीय किंवा अनुदानित. विनाअनुदानित कॉलेजातला सतरा वर्षांचा मुलगा त्यामुळे बाहेर राहतो. नियम कागदावर सरळ. डोंबिवलीसारख्या विनाअनुदानित वर्गांच्या गावात मात्र विचित्र.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सर्वच वयाच्या रुग्णांवर निःशुल्क उपचार होतात. म्हणजे ठाण्याचे जिल्हा रुग्णालय किंवा उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय त्या मुलालाही खुले आहे. कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही रुग्णालये महापालिकेची असल्याने या निर्णयात धरलेली नाहीत.