विमानाचं दार आणि एक सूत जागा

आमच्या मंडणगड तालुक्यात मृगाचा पाऊस लागला की लाकूड पाणी धरतं आणि घरोघरची दारं फुगतात. मे महिन्यात बोटानं लोटली जाणारी दारं आषाढात खांदा लावल्याशिवाय मिटत नाहीत. म्हणून जाणता सुतार चौकट आणि दार यांच्यामध्ये एक सूत जागा सोडतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मालकाला वाटतं, काम ढिलं झालं. सुतारानं मात्र पावसाचा हिशेब आधीच केलेला असतो. आज हाच हिशेब मला एका वेगळ्या दाराच्या निमित्तानं मांडायचा आहे. ते दार आहे घरी बांधलेल्या लहान विमानाचं.

हौसेनं स्वतःच्या हातांनी विमान बांधणारी माणसं जगात हजारोंनी आहेत. दोन-चार माणसांच्या या विमानांच्या दारांचा बराचसा भाग पुष्कळदा पारदर्शक ठेवतात. बाजूचं आणि खालचं दिसावं, हा त्यामागचा हेतू. पण तिथे काच नसते, ॲक्रिलिक असतं. दुकानांच्या चकचकीत पाट्या करतात, तेच.

हे ॲक्रिलिक विमानात आलं त्याचा इतिहास फार जुना नाही. सुरुवातीचे वैमानिक उघड्यावरच बसत. डोळ्यांवर चष्मा, तोंडावर वारा. पुढे बंद खोलीची विमानं आली, तेव्हा खिडक्यांना सेल्युलॉइड वापरून पाहिलं. ते उन्हानं पिवळं पडे आणि आग चटकन पकडे. काच लावावी तर ती जड, आणि फुटली तर तिच्या सुऱ्या होणार. १९३३ मध्ये जर्मनीत ऑटो र्‍योम यांच्या कारखान्यानं प्लेक्सिग्लास हे नाव नोंदवलं. जवळपास त्याच सुमारास इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीचं पर्स्पेक्स आलं. दोन्ही म्हणजे ॲक्रिलिकच. वजन काचेच्या निम्म्याहून कमी, आणि ऊब दिली की हव्या त्या आकारात वळणारं. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायरसारख्या लढाऊ विमानांवर त्याचीच फुगीर झाकणं बसली. युद्ध संपलं आणि हेच ॲक्रिलिक हौशी कारागिरांच्या हाती आलं.

पण हा पदार्थ दिसतो तितका सोशिक नाही. तो उन्हात ताणतो, थंडीत आखडतो, आणि तेही ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट. एक मीटर लांबीचा तुकडा घ्या. तळपत्या धावपट्टीवरचं विमान वरच्या गार हवेत गेलं आणि तापमानात ४० अंशांचा फरक पडला, तर ॲक्रिलिक जवळजवळ ३ मिलिमीटर आखडतं. शेजारची ॲल्युमिनियमची चौकट आखडते अवघी १ मिलिमीटर. ३ मिलिमीटर म्हणजे पुन्हा आपलं ते एक सूत!

म्हणून दार बसवणारा पाडतो ती भोकं स्क्रूपेक्षा मोठी असतात. धातूसाठीचं धारदार बिट तो वापरत नाही, कारण ते ॲक्रिलिकमध्ये घुसून तडा पाडतं. खरवडत जाणारं खास बिट लावतो, पाठीमागे लाकूड धरतो. कापलेली कड कानशीनं आणि मग काचपेपरनं गुळगुळीत करतो, कारण कडेवरची नखाएवढी खाचसुद्धा पुढे तड्याची सुरुवात ठरते. थंडीत हा पदार्थ ठिसूळ होतो, म्हणून काम उबेत करतो. स्क्रू आवळतो आणि मग किंचित मागे फिरवतो. आणि पुसताना पेट्रोल किंवा थिनर लावत नाही. लावलं तर केसासारख्या बारीक रेषांचं जाळं उमटतं, ते पुन्हा जात नाही. साधं पाणी आणि सौम्य साबण पुरतो.

आपल्याला हे दूरचं वाटेल, पण म्हाप्रळ, बाणकोट, वेसवी या आमच्या गावांतली जी माणसं पोटासाठी आखातात गेली, त्यांनी हे ॲक्रिलिक कित्येक तास जवळून पाहिलेलं आहे. प्रवासी विमानाच्या खिडक्याही त्याचीच असतात. नीट पाहिलं तर खिडकीच्या खालच्या बाजूला सुईच्या टोकाएवढं एक भोक दिसतं. ते मधल्या थरात असतं. त्यातून हवा ये-जा करते, दाबाचा भार बाहेरच्या थरावर जातो आणि खिडकीवर वाफही धरत नाही. इथेही सोय कशाची, तर मोजून ठेवलेल्या मोकळीकीची.

आता दाराकडून कायद्याकडे वळू. अमेरिकेत १९५३ मध्ये पॉल पोबरेझ्नी यांनी हौशी विमानकर्त्यांची संघटना उभी केली. तिथल्या नियमानं या लोकांना जागा दिली, पण मोजून दिली. विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः केलेलं असलं पाहिजे. सुरुवातीचे साधारण २५ ते ४० तास त्यानं विरळ वस्तीवर उडून चाचणी दिली पाहिजे. आणि आत शिरण्याच्या दाराजवळ ठळक अक्षरांत ‘प्रायोगिक’ असं लिहिलं पाहिजे. बसणाऱ्यानं ते वाचावं आणि मग ठरवावं.

आपल्या मराठी मुलखात विमानाचा विषय निघाला की शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव निघतंच. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं, ही कथा आपण अभिमानानं सांगतो. पण त्या उड्डाणाचा ठोस समकालीन पुरावा हाती लागलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा या कथेशी संबंध जोडतात, त्यातली यंत्रं उडू शकत नाहीत, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं. इतिहासाला तपासता येण्यासारखी वस्तू लागते. निदान एक पत्रा, एक स्क्रूचं भोक.

अशी वस्तू पुढे खरोखरच उभी राहिली. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव या वैमानिकानं राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. पण नोंदणीसाठी २०११ पासून त्यांची खटपट चालू होती. ती नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. उड्डाण परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये आणि चाचणी उड्डाण २०२० मध्ये, धुळ्याच्या विमानतळावर. गच्चीवर विमान बांधण्याइतकाच काळ कागद हलायला लागला, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

नियम नकोत, असं मी म्हणत नाही. विमान घराच्या छपरावर कोसळलं तर हौसेची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. ॲक्रिलिकचं भोक मोठं पाडायचं म्हणजे स्क्रूच काढून टाकायचा नव्हे. स्क्रू नसेल तर दार वाऱ्यावर उडून जाईल. पण स्क्रू घट्ट पिळला तर ते जागच्या जागी तडकेल. यादवांच्या वाट्याला आली ती पिळलेल्या स्क्रूची बाजू. शेवटी मार्ग निघाला, पण त्यासाठी प्रदर्शन, वर्तमानपत्रं आणि वरच्या पातळीवरचे शब्द लागले.

उद्या कोकणातल्या एखाद्या पोरानं मागच्या पडवीत पंख जोडायला घेतले, तर त्याला यातलं काही लागू नये. तपासणी कोण करणार, किती तास उडून दाखवायचं, दारावर काय लिहायचं, एवढं त्याला पहिल्याच दिवशी ठाऊक असावं. तपासणी कडक असू द्या. जागा मात्र आधी सोडलेली असावी. तडा गेल्यावर भोक मोठं करून काही उपयोग नसतो.