विकल्प व्यवहार (तेजी-मंदी)

ठराविक मुदतीत, आधी ठरलेल्या किंमतीस माल अथवा रोखे विकत घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क मोबदला देऊन मिळविण्याच्या करारास ‘विकल्प व्यवहार’ म्हणतात. हक्क बजावण्याचे बंधन विकल्प घेणाऱ्यावर नसते. त्याने तो बजावल्यास करार पाळण्याचे बंधन विकल्प देणाऱ्यावर मात्र असते. मुंबईच्या बाजारात खरेदीच्या हक्कास ‘तेजी’, विक्रीच्या हक्कास ‘मंदी’ आणि दोन्ही हक्क देणाऱ्या करारास ‘तेजी-मंदी’ अशी नावे रूढ होती. हक्काबद्दल दिलेल्या रकमेस अधिमूल्य म्हणतात. घेणाऱ्याचे नुकसान अधिमूल्यापुरते मर्यादित राहते. देणाऱ्याचे नुकसान त्याच्या अनेक पटींनी होऊ शकते.

जोखीम-नियंत्रण : हाती असलेल्या गुंतवणुकीस संरक्षण देणे, हा विकल्पाचा मूळ उपयोग होय. उदा., एखाद्याजवळ प्रत्येकी ५०० रु. भावाचे शेअर असून त्याने दर शेअरमागे १२ रु. अधिमूल्य देऊन ते ४८० रुपयांस विकण्याचा हक्क घेतला, अशी कल्पना केल्यास भाव ४०० रुपयांवर आला तरी त्याचे नुकसान १०० रुपयांऐवजी ३२ रुपयेच होते. त्याच वेळी ५४० रुपयांस खरेदीचा हक्क दुसऱ्यास १० रुपयांना विकल्यास संरक्षणाचा निव्वळ खर्च २ रुपयांवर येतो. मग कमाल नुकसान २२ रु. व कमाल लाभ ३८ रु. एवढाच राहतो. येथे भाववाढीच्या लाभाचा काही अंश सोडून घसरणीपासून अभय मिळविले जाते. परंतु शेअर हाती नसताना हाच करार केला, तर तो भावाच्या चढउतारावरील निव्वळ पैज ठरू शकतो. कराराच्या या दुहेरी स्वरूपामुळे त्याच्या नियमनाचा प्रश्न वारंवार उद्भवला.

मुंबईतील इतिहास : अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) मुंबईच्या कापसास अपूर्व भाव आला आणि वायद्यांच्या सट्ट्याला उधाण आले. युद्ध संपताच भाव कोसळले व १ जुलै १८६५ रोजी अनेक पेढ्या बुडाल्या. त्याच वर्षीच्या मुंबई अधिनियम ३ अन्वये पैजेच्या करारांस पूरक असणारे करारही निरर्थक ठरविण्यात आले. तेजी-मंदीचे सौदे पैज या सदरात मोडतात काय, हा वाद पुढे मुंबई उच्च न्यायालयात गेला. असा सौदा केवळ त्याच्या स्वरूपामुळे पैज ठरत नाही. मालाची प्रत्यक्ष देवघेव न करता फक्त भावातील फरक चुकता करण्याचा उभय पक्षांचा हेतू होता काय, हे पाहावे लागते, असे न्यायालयाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानले.

विधिमंडळाने मात्र बंदीचा मार्ग पत्करला. १९३९ मध्ये मुंबई प्रांतात कापसातील विकल्पांना कायद्याने मनाई झाली. १९५२ च्या वायदे करार (विनियमन) अधिनियमाने मालाच्या, तर १९५६ च्या रोखे करार (विनियमन) अधिनियमाने रोख्यांच्या विकल्पांवर देशभर बंदी घातली. रोख्यांविषयीच्या अधिनियमातील व्याख्येत ‘तेजी’, ‘मंदी’ व ‘तेजी-मंदी’ हे बाजारातील शब्द जसेच्या तसे आले आहेत.

पुनरागमन : १९७३ मध्ये शिकागो येथे विकल्पांचा स्वतंत्र विनिमय बाजार सुरू झाला. त्याच वर्षी फिशर ब्लॅक व मायरन शोल्स यांनी विकल्पाचे मूल्य काढण्याचे सूत्र प्रसिद्ध केले. भारतात रोख्यांच्या विकल्पांवरील बंदी जानेवारी १९९५ मध्ये उठविण्यात आली. एल. सी. गुप्ता समितीच्या १९९८ मधील अहवालानंतर कायद्यात दुरुस्ती झाली आणि जून २००१ मध्ये मुंबईतील दोन्ही शेअरबाजारांत निर्देशांकांवरील, तर जुलैत निवडक शेअरांवरील विकल्प सुरू झाले. पूर्वी दलालांच्या वर्तुळापुरता असलेला हा व्यवहार संगणक व भ्रमणध्वनी यांमुळे मीरा-भाईंदरसारख्या, मुंबईस नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या शहरांतील घराघरांत पोहोचला.

साप्ताहिक मुदतीचे विकल्प २०१६ मध्ये आल्यावर उलाढाल अतोनात वाढली. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरांचे वायदे व विकल्प करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. त्यानंतर सेबीने कराराचे किमान मूल्य वाढविले व प्रत्येक बाजारास एकाच निर्देशांकावर साप्ताहिक करारांची मुभा ठेवली.

बंदीच्या काळात प्रामाणिक गुंतवणूकदार संरक्षणास मुकला, तर मोकळिकीच्या काळात अननुभवी व्यक्ती सट्ट्यात ओढली गेली. करार तोच असला, तरी तो करणाऱ्याजवळ संरक्षण देण्याजोगे काही आहे की नाही, यावरच त्याचे विमा किंवा पैज हे स्वरूप ठरते.