दोन मैल लांब चित्र, किंमत फक्त तीन आणे

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचं नेटवर्क लोकलमध्ये नेमकं मोक्याच्या क्षणी जातं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना घाईत निसटलेलं थोडं इथे जास्तीचं आहे.

परवा माझा एक मित्र आला. गिरगावात छोटं कॅफे काढतोय. इन्स्टावर टाकायला त्याला ओळ हवी होती, "गिरगावातलं पहिलं…" पुढे काहीतरी. मी म्हटलं, अरे, पण तू पहिला नाहीयेस. तर म्हणतो, "कोण तपासतंय?"

त्याला मी एक गोष्ट सांगितली, ती याच मोहल्ल्यातली. आपला एस. व्ही. पी. रोड पूर्वी सँडहर्स्ट रोड होता. (त्याच नावाचं स्टेशन तिकडे डोंगरीला आहे, गल्लत करू नका.) या रस्त्यावर गिरगावात कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ नावाचं थिएटर होतं. आज ते नाही. तिथे ३ मे १९१३ ला, शनिवारी, दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. हे आपण सगळे शाळेत शिकलोय. पण तो विकला कसा, हे कुणी शिकवत नाही.

फाळके म्हणजे फक्त स्वप्नाळू कलावंत, असं आपल्याला वाटतं. पण हा माणूस आधी फोटोग्राफर होता, छापखानेवाला होता, आणि जादूचे प्रयोगसुद्धा करायचा. तेव्हाचं नाव 'प्रोफेसर केल्फा', म्हणजे आपलंच आडनाव उलटं केलेलं! सिनेमाला पैसे उभे करायचे तेव्हा त्यांनी भाषणं दिली नाहीत. कुंडीत वाटाणा पेरला, रोपटं वाढताना रोज थोडं थोडं चित्रित केलं आणि ती फिल्म दाखवली. बी पेरलं की पडद्यावर बघता बघता वेल! आज स्टार्टअपवाले ज्याला डेमो म्हणतात ना, तोच हा. पैसे मिळाले.

पुढे दादरला शूटिंग सुरू झालं. सिनेमात काम करतो म्हटलं की लोक नाकं मुरडायचे. म्हणून फाळक्यांनी आपल्या मंडळींना सांगून ठेवलं होतं, की विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे म्हणा. परेश मोकाशींच्या २००९ च्या सिनेमाचं नाव यावरूनच आलं.

आता जाहिरातीकडे येऊ. गिरगावातल्या इंग्रजी जाहिरातीचा भर दोन गोष्टींवर होता. पहिली, हा हिंदी बनावटीचा पहिला चित्रपट आहे. दुसरी, विषय पुराणातला, म्हणजे हिंदू प्रेक्षकांना आवडणारच. पण नुसत्या हरिश्चंद्रावर भरवसा नव्हता बरं का! त्याच तिकिटात मिस आयरीन डेलमारचा नाच, आणि पायांनी वस्तू उडवून झेलणारा कुणी अलेक्झांडर. बायका-मुलांसाठी अर्ध्या दरात खास खेळही ठेवला. गिरगावात गर्दी झाली.

मग चित्रपट सुरतेला गेला आणि तिथे पडला. पहिल्या दिवसाचा गल्ला तीन रुपये, असं सांगतात. कारण अगदी साधं होतं. नाटक सहा तास चालायचं आणि दोन आण्यांत बघायला मिळायचं. इथे दीड तासात सगळं आटपतं आणि वर तीन आणे मागतात! सुरतेचा माणूस हिशेबाला पक्का. फाळक्यांनी दर उतरवला नाही, खेळ लांबवला नाही. त्यांनी हिशेबाचं मापच बदललं. नवी जाहिरात साधारण अशी होती: सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांब चित्र, आणि सगळं फक्त तीन आण्यांत. गल्ला वाढला. तास मोजणारा माणूस फोटो मोजायला लागला.

मला खोड आहे, मी कॅल्क्युलेटर काढला. ३५ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये एका फुटात १६ चौकटी बसतात. म्हणजे ५७,००० चौकटींची लांबी साधारण ३,५६० फूट. चित्रपटाची नोंदलेली लांबी ३,७०० फूट आहे. म्हणजे फोटोंचा आकडा जवळजवळ खरा! पण मैल? एका मैलात ५,२८० फूट. दोन मैलांना दहा हजारांहून जास्त फूट लागतात. फाळक्यांनी मैल तिप्पट ताणलेत, तेही एकाच वाक्यात खऱ्या आकड्याच्या शेजारी बसवून. कुणी गुणाकार केला नाही.

आणि आता 'पहिला'. याच कोरोनेशनमध्ये १८ मे १९१२ ला दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' लागला होता. तोही शनिवारच होता, हरिश्चंद्राच्या बरोब्बर पन्नास आठवडे आधीचा. थिएटर तेच, रस्ता तोच. पुंडलिकाची जाहिरातही काही लाजाळू नव्हती. मुंबईतल्या जवळजवळ निम्म्या हिंदूंनी आठवड्यात चित्र पाहिलंय, उरलेल्या निम्म्यांनी कार्यक्रम बदलायच्या आत पाहावं, असा तिचा थाट. शहराची वस्ती तेव्हा दहा लाखांच्या घरात होती आणि थिएटर एक. तुम्हीच बघा.

मग फाळके खोटं बोलले का? इथे तो एक शब्द बघा, 'बनावट'. पुंडलिक म्हणजे नाटकासमोर कॅमेरा ठेवून केलेलं चित्रण. कॅमेरामन इंग्रज, आणि फिल्म धुवायला गेली लंडनला. हरिश्चंद्राचा कॅमेराही लंडनचाच होता, कच्ची फिल्मही परदेशी. पण फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं हे सगळं दादरच्या घरात झालं, आणि त्यात सरस्वतीबाई फाळक्यांचे हात होते. टिळक तेव्हा मंडालेला होते, स्वदेशीची आग विझली नव्हती. गिरगावातल्या माणसाला 'इथे बनलेलं' या दोन शब्दांची किंमत कुणी समजावून सांगायला नको होती.

म्हणून दावा टिकला. इतका, की २०१३ मध्ये भारतीय सिनेमाची शंभरी आपण ३ मे धरूनच साजरी केली. तोरण्यांच्या नावावर अजून वाद चालतो. मला विचाराल तर त्यांच्यावर अन्याय झालाय. पुढे त्यांनी पुण्यात सरस्वती सिनेटोन काढली, बोलपट केले, तरी आज दहा जणांना विचारा, तोरणे कोण हे किती सांगतील?

मित्राने सगळं शांतपणे ऐकलं. चहा संपवला. मग म्हणाला, "म्हणजे नुसतं 'पहिलं' म्हणायचं नाही. कशातलं पहिलं, ते शोधायचं."

सध्या तो तेच शोधतोय. ओळ अजून ठरलेली नाही.