संगणकीय संहितेतील ओळ : एका संकेताचा इतिहास

छापील पानावर ओळ डोळ्यांना दिसते. संगणकाच्या स्मृतीत मात्र संहिता ही चिन्हांची अखंड मालिका असते. ओळ कोठे संपली, हे एखाद्या चिन्हानेच सांगावे लागते. ते चिन्ह कोणते, याविषयी एकमत का झाले नाही, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

१९०१ च्या सुमारास डोनाल्ड मरे यांनी तारायंत्राच्या संकेतावलीत दोन निराळ्या आज्ञा आणल्या : मुद्रणयंत्रणा डाव्या कडेला परत नेणारी ‘कॅरेज रिटर्न’ आणि कागद एक ओळ वर सरकविणारी ‘लाइन फीड’. १९६३ च्या ‘आस्की’ संकेतावलीत त्यांना अनुक्रमे १३ व १० हे क्रमांक मिळाले. त्या काळच्या टेलिटाइप ३३ या यंत्राची गती सेकंदाला १० चिन्हे होती. मुद्रणशीर्ष परतण्यास एका चिन्हाहून अधिक वेळ लागे. दुसऱ्या आज्ञेमुळे तो आपोआप मिळे.

पुढे यंत्रे बदलली, रूढी उरल्या. मल्टिक्स व तिच्यामागून युनिक्स या प्रणालींनी केवळ लाइन फीड घेतले. सीपी/एम व १९८१ च्या एमएस-डॉसने जोडी राखली. १९८४ च्या मॅकिंटॉशने केवळ कॅरेज रिटर्न स्वीकारले, ते २००१ च्या मॅक ओएस एक्सपर्यंत.

या इतिहासाचे ओझे आजच्या भाषांवर आहे. पायथनमध्ये फाइल ओळीओळीने वाचताना वरील तीनच प्रकार मानले जातात. ‘स्प्लिटलाइन्स’ ही क्रिया मात्र पृष्ठबदलाच्या चिन्हापाशी आणि युनिकोडच्या स्वतंत्र ओळविभाजकापाशीही संहिता तोडते. दुसरा भेद अधिक मूलगामी आहे. पूर्णविराम वाक्य संपवितो, तर स्वल्पविराम दोन पदांना अलग करतो. ओळीचे चिन्ह यांपैकी कोणते कार्य करते? दोन ओळींची संहिता अशा चिन्हाने संपत असल्यास ‘स्प्लिटलाइन्स’ दोनच ओळी देते. पण लाइन फीड हा विभाजक मानून ‘स्प्लिट’ केल्यास तिसरी, रिकामी ओळ हाती येते.

संहितासंग्रहावर काम करणाऱ्या अभ्यासकास हा तपशील क्षुल्लक मानता येणार नाही. ओळक्रमांकाने संदर्भ देणाऱ्या दोन अभ्यासांत विभाजनाचा नियम निराळा असेल, तर एकाच क्रमांकाखाली दोन वेगळी वचने सापडतील. म्हणून ओळसंख्येबरोबर विभाजनाचा नियमही नोंदविणे अगत्याचे आहे.