गॅझेटचा दिवस

हायवेवरनं कसबा सांगावकडं वळलं की कंपन्यांच्या शेडच शेड. कागल पंचतारांकित एमआयडीसी. इथं आधी शेतं होती, हे आता पोरांना सांगावं लागतंय.

सरकारनं जमीन घेणं जुनंच. इंग्रजांच्या 1894 च्या कायद्यात निवाडा होऊन ताबा जाईपर्यंत मालकी शेतकऱ्याचीच राहायची. 1961 ला आपल्याच राज्यानं एमआयडीसीचा कायदा केला आणि क्रम उलटला. कलम 32(1) ची नोटीस राजपत्रात आली की त्याच दिवशी जमीन सरकारची. ताबा आणि पैसे मागनं. म्हणजे ऊस आपण लावलेला, उभा आपल्या डोळ्यांपुढं, पण मालक बदललेला. पुढं 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनं मालमत्तेचा मूलभूत हक्कही गेला, नुसता कायदेशीर हक्क राहिला.

गॅझेटच्या आधी 32(2) ची नोटीस येते. जमीन का घेता, हे विचारायची वेळ तीच. विहीर, पाईपलाईन, झाडं सगळं हरकतीत लेखी द्या, पोच घ्या. दराचं भांडण नंतरही करता येतं.

कारखाने नकोत असं नाही, आपलीच पोरं तिथं कामाला जातात. पण ती नोटीस घडी घालून फळीवर ठेवू नका.